वरच्या सुरावरची झिरझिर

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी बातमी. माझा फोन तळ्यात पडला. मी बोटीच्या नाकाशी पालथी पडून तिचं नाव रंगवत होते, आणि तो वरच्या खिशातून सुळकन गेला, एखादा मासा घरी परत जावा तसा. इतक्यात नवा घेणार नाही. तसंही फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो. पत्रातून भांडायला निदान आठवडा लागतो, तोवर राग शिळा होतो.

दुसरी बातमी म्हणजे नवी खोली. खाली शिडं शिवायचं दुकान आहे. माझा जिना पांढऱ्या कापडाच्या ढिगांमधून वर येतो, त्यामुळे कामावरून आले की ढगातून घरी गेल्यासारखं वाटतं. शिडंवाले काका दिवसभर ते जाडजूड मशीन चालवतात. माझ्या चहात बारीक बारीक वर्तुळं उमटतात, मी ती बघत बसते आणि चहा गार होतो. यात सांगण्यासारखं काही नाही, पण सांगितलं.

आता तुझं काम. आईची गुणगुण माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव म्हणालीस ना, तुझं बाळ यायच्या आत? पाठवणार. शेजारचा ट्रम्पेटवाला खोली सोडून गेला, तो जाताना त्याचा माइक आणि एक लहानसा डबा मला देऊन गेला. माइकची वायर डब्यात, डब्याची लॅपटॉपात. लॅपटॉपचं झाकण दोरीने बांधलंय, पण चालतो.

तुला चाल आठवत नाही म्हणतेस, मला तर ती डोळ्यांना दिसते. मी टेबलाखाली, समोर आईचे पाय, वर टाइपरायटर. ती कचेरीतल्या साहेबांच्या बोललेल्या टेपा घरी आणून कानाला हेडफोन लावून टाइप करायची, आणि टेप मागे जात असली की तेवढ्यापुरतं गुणगुणायची. ओठ मिटलेले, शब्द नाहीत. चाल खालून निघते, दोनदा वर जायचं नुसतं नाटक करते, तिसऱ्यांदा खरंच जाते आणि तिथे थांबते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कुणी वळून बघावं तशी.

घोटाळा तिथेच आहे. मी रेकॉर्ड करते, मग ऐकते. खालचं सगळं स्वच्छ. त्या वरच्या सुरावर मात्र झिरझिर होते, बाटलीत माशी अडकल्यासारखी. तू कानवाली आहेस. सांग, काय बिघडलंय?

तुझी
भिंगरी

ता. क. बोटीचं नाव रंगवताना शेवटचं अक्षर मावलं नाही. मालक म्हणतो, राहू दे, बोट तशीही अर्धीच माझी आहे.


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

मासा परत गेल्याचं वाचून तुझे भाऊजी एकटेच हसत सुटले. पोहायला शिकवणाऱ्या माणसाला बुडण्याचे विनोद आवडतात, काय करणार.

आता नीट वाच, मधेच खिडकीबाहेर बघू नकोस. त्या डब्यावर एक दिवा असेल. वरच्या सुराला तो लाल होतो का? होत असेल तर आवाज जास्त घेतेयस. कमी उंचीच्या दारातून उंच माणूस न वाकता गेला की डोकं आपटतं ना, तसा सूर वरून आपटतो आणि फाटतो. डब्यावरची खुंटी खाली आण. माइकपासून तोंड वीतभर लांब ठेव, आणि फुंकर थेट जाऊ नये म्हणून मधे काहीतरी कापड धर. लॅपटॉपला चार्जर लावून रेकॉर्ड करू नकोस, त्यातूनही गुणगुण शिरते. आणि वायर बदलून बघ. एकदा एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम केलंस तर कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि कशाने बिघडलं तेही नाही.

दवाखान्यात माझी कानतपासणीची पेटी आहे ना, कपाटाएवढी खोली, आत माणूस बसवतो. दार लावलं की काही माणसं घाबरतात. म्हणतात, बाई, आत माझंच रक्त ऐकू येतंय. हल्ली संध्याकाळी सगळे गेले की मीच आत जाऊन बसते. आई गुणगुणायची ती चाल आठवते का बघते. नाही आठवत. एक सूरही नाही.

तू म्हणतेस, ती रोज गुणगुणायची. मग मी कुठे होते? त्याच घरात होते ना? बाबा आपल्याला फोटोपुरते, त्यामुळे जे काही आहे ते आईचंच. त्यातही तुला तिची चाल मिळाली आणि मला सूचना. दूध उतू जाऊ देऊ नकोस, धाकटीकडे लक्ष ठेव, मान सरळ. मेअखेरीस बाळ येईल. त्याला काय देऊ, सूचना?

म्हणून घाई करतेय. ते यायच्या आत मला ती चाल यायला हवी.

ताई


२ मार्च

ताई,

सगळं केलं, एकदा एकच गोष्ट. (मधेच खिडकीबाहेर बघितलं. बगळा होता, इलाज नव्हता.)

लाल दिवा लागत नव्हताच, तरी खुंटी खाली आणली. झिरझिर. तारेच्या हँगरला पायमोजा ताणून माइकपुढे टांगला. झिरझिर, वर पायमोज्याचा वास. चार्जर काढला, तर खालची एक बारीक घूं गेली, जी होती हेच मला माहीत नव्हतं. झिरझिर जागच्या जागी. ट्रम्पेटवाल्याने दोन वायरी दिल्या होत्या, दुसरी लावली. तेच.

मग वाटलं, खोलीतलंच काहीतरी त्या सुराला साथ देतंय. बोटीचं इंजिन एका ठरावीक वेगात आलं की नेमकी एकच फळी कडकडते, तसं. म्हणून ब्रशांचे डबे, चमचे, आरसा, कंदिलाची काच, सगळं जिन्यावर मांडलं. काका वर बघून म्हणाले, "खोली सोडताय?"

"नाही काका, रिकामी करून राहतेय."

"आमची ही असती तर तुमच्यावर फार खूश झाली असती."

मग त्यांनी मला एक फाटकं शीड दिलं, आवाज घुमू नये म्हणून. ते मी छताच्या आकड्याला टांगलं आणि आत माइक घेऊन बसले. "आत बसून काय करणार?" "गाणार." "बाहेर का नाही गात?" "बाहेरचं सगळं ऐकू येतं ना." "मग येऊ द्या की. त्यांना तुमचं येतंय, तुम्हाला त्यांचं येऊ द्या." असा माणूस. पण दुपारी डबा खायला बसतात तेव्हा मशीन बंद ठेवतात, आणि ती वेळ त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम लांबवलीय. एक पोळी जास्त खातात म्हणे.

ताई, त्या शिडाच्या आत एकदा ये. उजेड दुधासारखा होतो. कापडाला अजून पाण्याचा वास आहे आणि ते आपोआप हलतं, कुठेतरी जायचंय असं. मी डोळे मिटते, टेबलाखाली बसते, आईच्या पायांकडे बघते आणि गुणगुणते. गाताना मला काहीच चुकलेलं वाटत नाही. ऐकायला बसले की पुन्हा तेच. तिसऱ्या चढणीला बाटलीतली माशी.

सगळं पुसून टाकलं. खराब ठेवायचं कशाला? आईसुद्धा चुकलेला कागद फाडूनच टाकायची.

भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

पुसून टाकलंस? डॉक्टरकडे जाताना दुखणं घरी ठेवून जाशील का तू? मला ते खराबच हवं होतं. कानाने ऐकल्याशिवाय मी काय सांगणार, कपाळ? यापुढे पुसशील तर तुझा बगळा मी पाठवून दिलेला समज, पहारा करायला.

आता एक कर. चमचा वाजव आणि रेकॉर्ड कर. मग टाळी. मग कुणाला तरी बोलायला लाव. त्यात झिरझिर आली तर यंत्रात दोष आहे. नाही आली, तर पुढचं पुढे बघू.

आणि एक सांगते, रागावू नकोस. माझ्या पेटीत बसलेल्या माणसांच्या हातात बटण असतं. सूर ऐकू आला की दाबायचं. काही जण मी सूर सोडायच्या आधीच दाबतात. विचारलं तर शपथेवर सांगतात, आला ना! आणि ती खोटं बोलत नसतात. वाट बघणाऱ्या कानाला ऐकू येतंच. तू त्या सुराची वाट तर बघत नाहीस?

मी दवाखान्यात जरा कमी जाते सध्या. काही विशेष नाही, पाय सुजतात म्हणून बूट चढत नाहीत, एवढंच. काल तुझे भाऊजी त्यांच्या पोहण्याच्या चपला मला घालून बघत होते. बदकासारखी दिसते म्हणे.

खराब तर खराब. पाठव.

ताई


२९ मार्च

ताई,

उशीर झाला. मी इथे नव्हते. सांगते.

चमच्यात नाही आली. टाळीत नाही. काकांना बोलायला लावलं, त्यांनी कापडाचे भाव सांगितले, तेही एकदम स्वच्छ. फक्त माझ्या त्या सुरात. म्हणजे यंत्र बरं आहे, गळाच माझा फाटका. हे कळलं त्याच दिवशी धक्क्यावर एक मालाची बोट लागली होती, पलीकडच्या काठाला निघालेली. खरवडून रंग द्यायला माणूस हवा होता. मला काय, मी चढले.

परत येताना एका सकाळी असं धुकं होतं की बोटीला पुढचं टोकच नव्हतं. नावाडी मधून मधून घंटी वाजवायचा, आणि लांबून दुसऱ्या कुणाची तरी घंटी उत्तर द्यायची, आणि मग काही नाही. पांढरं पाणी, पांढरी हवा. मी टोकाला जाऊन आईची चाल गुणगुणले. ताई, वरचा सूर अगदी स्वच्छ गेला. गेला आणि परतच आला नाही. नावाडी म्हणाला, "थांबवलंत का? आवाज परत येत नव्हता, म्हणजे त्या बाजूला काठ अजून लांब आहे ते कळत होतं मला."

म्हणजे कुणी ऐकत नसलं की मी बरी गाते, आणि रेकॉर्ड करायला बसले की तो सूर मला घाबरतो. दुसरं काय?

मेमरी कार्ड पाठवतेय. हे शेवटचं घेतलेलं, पुसलं नाही. खराब आहे. तू ऐक आणि मग तूच पुसून टाक, मला तिसऱ्या चढणीचं सांगूही नकोस. दुसऱ्या कुणाकडून तरी एखादी चांगली अंगाई शिकून घे. शहाणी मुलं कुठल्याही चालीवर झोपतात.

भिंगरी


८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

कार्ड मिळालं. ऐकलं.

रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. झिरझिर कुठेही नाही. खाली नाही, वर नाही. तुझा आवाज छान लागलाय. मेहनत दिसते.

इथे सगळं ठीक. तब्येतीला जप.

ताई


१५ एप्रिल

ताई,

तू मला "प्रिय भिंगरी" लिहिलंस. आजवर कधी लिहिलंयस? "भिंगरे" गेलं तेव्हाच मला कळलं, काहीतरी लपवतेयस.

मला वाईट वाटू नये म्हणून स्वच्छ म्हणालीस ना? लहानपणी माझ्या चित्रातल्या गाईला घोडा म्हणायचीस, तसं? मला नको असली माया. मी काल पुन्हा ऐकलं, कार्डावर घालण्याआधी एक प्रत ठेवली होती. झिरझिर आहे. डोंगराएवढी आहे. तू दवाखान्यात लोकांचे कान तपासतेस आणि तुला ती ऐकू आली नाही?

आणि मी काही साध्यासुध्या यंत्रातून ऐकत नाही. आईचा हेडफोन लावून ऐकते. हो, तोच. आई गेल्यावर घर आवरताना मोडक्या सामानात होता, तुटलेल्या वायरचा. मी उचलला, एका बोटीवरच्या वीजवाल्याकडून वायर जोडून घेतली. घर सोडताना एवढंच नेलं होतं. आई त्यातून साहेबांचं पुटपुटणं ऐकून कागदच्या कागद टाइप करायची आणि एक अक्षर चुकायची नाही. साहेब खोकले तरी तिला कळायचं, खरा खोकला की आठवत नाहीये म्हणून काढलेला. त्यात झिरझिर ऐकू येते म्हणजे ती आहे.

मला खरं सांग. गळा फाटका आहे म्हण. मी रंगाचं काम करते, मला खरवडून घ्यायची सवय आहे.

भिंगरी


२१ एप्रिल

चि. भिंगरीस,

भाऊजींचा नमस्कार. मला पत्र लिहायचा सराव नाही. पोहायला शिकवतो त्यात बोलावं लागतं तेवढंच बोलतो. श्वास घे, सोड, पाय हलव.

तुझी ताई मार्चपासून अंथरुणावर आहे. रक्तदाब वाढतो. डॉक्टरांनी उठायचं नाही सांगितलंय, त्यामुळे पत्र मी लिहितोय. बाळ ठीक आहे, ती ठीक आहे, फक्त पडून राहायचं. तुला कळवू नको म्हणाली, कारण तू पुन्हा कुठल्या तरी बोटीत चढशील. मी म्हटलं, बोटी इकडेही येतात.

झिरझिर खरंच नाही. मीही ऐकलं. माझा कान काही तिच्यासारखा नाही, पण पाण्यात शिट्टी ऐकायची सवय आहे. स्वच्छ आहे.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. गोष्ट वेगळी आहे. कार्ड आलं तेव्हा तिने खिडकी लावायला सांगितली, पंखा बंद करायला सांगितला, आणि डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा. दुपारभर ऐकत होती. मग म्हणाली, "चाल चांगली आहे. पण माझ्या ओळखीची नाही." मला वाटलं ती रडेल, तर तिने टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या. झोपूनच. तिला वाटत होतं, ऐकलं की आत काहीतरी हलेल. काहीच हललं नाही. म्हणते, आई गुणगुणायची ती फक्त धाकटीजवळ. मी श्वास घे म्हटलं.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. आईच्या हेडफोनचं आलं तिथे तिने मला थांबवलं. कितीतरी दिवसांनी तिचा दवाखान्यातला आवाज ऐकला. म्हणाली, "तिला लिहा, आधी डावा कान लाव, मग उजवा, आणि सांग कोणत्या कानात येतंय. आणि ज्यात येतं त्याचा स्पंज काढून आत बघ."

तर बघ.

भाऊजी


२८ एप्रिल

ताई आणि भाऊजी,

डाव्या.

इतके दिवस मी दोन्ही कानांनी मिळूनच ऐकत होते. कान वेगळे वेगळे ऐकायचे असतात हे मला कुठे माहीत? उजव्यात चाल तशी गेली, धुक्यात गेली होती तशी. डाव्यात माशी.

मी हेडफोन घेऊन शिडाच्या आत जाऊन बसले. डाव्या बाजूचा स्पंज सोलला. खाली बारीक जाळी. जाळीच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा, आवाज झाला की हलतो तो. आणि त्या पडद्याला टेकून एक केस. जाळीतून आत शिरलेला, बाकीचा स्पंजाखाली गोल गोल गुंडाळलेला. ओढत गेले तर माझ्या कोपरापर्यंत आला.

काढला आणि ऐकलं. स्वच्छ. परत होता तसा आत सोडला, झिरझिर. पुन्हा काढला, पुन्हा सोडला. काका खालून म्हणाले, "आज गाणं नाही?" मी म्हटलं, "काका, सापडलं." ते वर आले, केस उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "शिडातसुद्धा असंच असतं. एक धागा सुटा राहिला की एका ठरावीक वाऱ्याला सगळं शीड फडफडतं. दुसऱ्या कुठल्या वाऱ्याला नाही."

म्हणजे मी पुसलेली सगळी चांगली होती. कुठे गेली असतील? तळ्यात, माझ्या फोनकडे.

तुला खोटारडी म्हणाले त्याबद्दल कान धरते. दोन्ही, वेगळे वेगळे.

पण ताई, ते नाही सांगायचं मला. हा आईचा केस आहे. तिचे कुरळे होते खरे, पण इतकी वर्षं स्पंजाखाली दबून सरळ झाला असेल. तुला स्वच्छ चाल ऐकून काही आठवलं नाही ना? बरोबरच आहे. त्यात आई कुठेय? तो माझा गळा, माझा माइक, काकांचं शीड. आईचं त्यात काहीच नाही. ती इथे आहे, या डाव्या कानात. म्हणून हेडफोनच पाठवतेय. केस होता तिथे परत ठेवलाय, पडद्याला टेकवून, मी रंगाचा सगळ्यात बारीक ब्रश वापरला. कापसात गुंडाळलाय. भाऊजी, पेटी आपटू नका.

यातून ऐक. मला परत नको. माझ्याकडे चाल आहे, ती कुठेही सांडत नाही.

तुझी
भिंगरी

बोटी तिकडेही येतात हे मला माहीत आहे. कोणत्या दिवशी कोणती, तेही.


९ मे

भिंगरे,

मी झोपूनच लिहितेय, त्यामुळे ओळी चढावर जातील. चालू दे.

भाऊजींनी पेटी पाण्याने भरलेल्या ताटासारखी धरून आणली. हेडफोन मला घालून दिला आणि बाजूला उभे राहिले, एखादा शिकाऊ पहिल्यांदा खोल पाण्यात सोडल्यासारखे. मी डोळे मिटले. खरं सांगायचं तर मला काही आशा नव्हती. चाल तीच, पाठ झालेली. खालून निघाली, एकदा नाटक केलं, दुसऱ्यांदा केलं. काही नाही. तिसऱ्यांदा वर गेली आणि झिरझिरली.

आणि माझी मान सरळ झाली.

मी केली नाही. ती आपोआप झाली. उशीवरून उचलली गेली, हनुवटी आत, खांदे मागे. भाऊजी घाबरले, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "आई वेणी घालतेय."

तुला हे माहीत असायचं कारण नाही. तुझा कायमचा बॉयकट, तू टेबलाखालचं मांजर. मी शाळेत जायच्या आधी आई मला खिडकीशी स्टुलावर बसवायची आणि वेणी घालायची. दोन्ही हात माझ्या केसांत, म्हणून आकडे ओठांत धरलेले. आणि त्या आकड्यांमागून ती काहीतरी करत राहायची. मला वाटायचं, पुटपुटतेय, माझ्या केसांच्या गुंत्यावर वैतागून. मधेच आकडा काढून म्हणायची, "मान सरळ", आणि पुन्हा सुरू. एका ठिकाणी ते आकडे एकमेकांवर झिरझिरायचे. नेहमी त्याच ठिकाणी. मला मानेवर ते जाणवायचं, कानाआधी.

ती हीच चाल होती, भिंगरे. तू ऐकलीस ती नुसत्या ओठांची. मला मिळाली ती आकड्यांसकट. तू मला ती धुऊन-पुसून पाठवलीस, मग मी ओळखणार कशी?

आता केस. केस दाबून सरळ होत नाही, एवढं तरी शिकायची होतीस शाळेत. आईचे केस कुरळे होते आणि खांद्याच्या वर. हा कोपरभर आहे आणि सुतासारखा सरळ. मी तो स्पंजाबाहेर आलेल्या टोकाला धरून बघितला. भाऊजींनाही दाखवला. ते म्हणाले, "हा तर..." आणि भिंतीकडे वळले. लग्नाआधीचा माझा फोटो आहे ना, कमरेपर्यंत वेणी असलेला, त्याच्याकडे बघत होते. होस्टेलला गेल्यावर मी केस कापून टाकले, वेणी घालायला कुणी नव्हतं म्हणून.

माझा आहे. वेणी घातल्यावर माझे केस तिच्या बाह्यांवर, खांद्यावर चिकटायचे, आणि ती तशीच टेबलाशी जाऊन हेडफोन लावायची. मी शाळेत असायचे तेव्हा.

मग मी कुठे होते, असं मी तुला फेब्रुवारीत विचारलं होतं.

केस मी काढलेला नाही. राहू दे तिथेच.

डॉक्टर म्हणतात अजून थोडे दिवस. काल संध्याकाळी मी कपाटातून दोन आकडे मागून घेतले, ओठांत धरले आणि करून बघितलं. दोनदा नाटक, तिसऱ्यांदा खरं. जमलं. आतून एक लाथ बसली, मान सरळ करण्याइतकी. स्वयंपाकघरातून भाऊजी ओरडले, "काहीतरी झिरझिरतंय!" आणि त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या हलवून बघितल्या, भांडी हलवून बघितली, पंखा बंद केला. आज सकाळी नळ खोलून बसलेत.

मी सांगितलेलं नाही. तू ये, आणि तूच शोधून दे त्यांना.

ताई